चष्म्याच्या दुकानात टूथपेस्ट

लातुरात माझं चष्म्याचं दुकान आहे. काउंटरच्या मागे एक पाटी लावलेली आहे: ‘चष्म्याच्या काचेला टूथपेस्ट, राख, दंतमंजन लावू नये.’ पाटी मीच लिहिली. कारण पांढुरकी, धुरकट झालेली काच घेऊन कुणी ना कुणी येतंच आणि वर म्हणतं, “काच हलकी लावली हो तुम्ही.” जरा खोदून विचारलं की कळतं, मोबाईलवर कुठंतरी पाहिलेलं असतं की पेस्टनं घासल्यावर ओरखडे जातात. ओरखडे काही जात नाहीत, कोटिंग तेवढं जातं. मग नवी काच, नवा खर्च आणि शिव्या मला.

अशा माणसाला तारकर्लीचा डायव्हिंग प्रशिक्षक सांगतो, “पाण्याखाली डोळ्या-नाकावर घालायचा मास्क स्वतःचा घेताय तर घ्या, पण इथं यायच्या आधी घरीच टूथपेस्टनं चांगला घासून आणा. नवा मास्क तसाच घातला तर पाण्यात काही दिसणार नाही.” मी एवढंच विचारलं, “काच खरी की फायबर, म्हणजे प्लास्टिकची?” तो म्हणाला, “खरी काच.” म्हटलं, मग बघू.

लातूरच्या माणसाला स्कूबा डायव्हिंग कुठून सुचलं, हा प्रश्न मला घरापासून दुकानापर्यंत सगळ्यांनी विचारलाय. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्या भरून आमच्या गावाला प्यायचं पाणी आलं होतं. ‘जलदूत’ म्हणायचे त्या गाडीला. तिची आठवण काढून शेजारचा मेडिकलवाला अजून म्हणतो, “प्यायला पाणी नव्हतं तवा रडलाव, आता बुडायला पैसे देऊन चाललाव व्हय?” पण आमच्या भागातली माझ्या वयाची बहुतेक पोरं पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली. पाणी कमी असलं म्हणून पाण्याची हौस काही कमी नसते, उलट जरा जास्तच असते. मुलांना घेऊन मालवणला गेलो, पर्यटकांसाठी असते तशी एक डुबकी मारली आणि ठरवलं की रीतसर कोर्स करायचा. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, आजूबाजूला खासगी मंडळीही बरीच आहेत. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणजे ऑक्टोबर ते मे या काळात जमवायचं.

त्या पहिल्या डुबकीत भाड्याचा मास्क होता. होडीवरच्या पोरानं त्यात थुंकून, बोटानं फिरवून, समुद्राच्या पाण्यात बुचकळून माझ्या हातात दिला. बायकोनं तोंड फिरवलं. तरीही खाली गेल्यावर थोड्याच वेळात डावीकडून धुकं धरायला लागलं, आणि मासे दाखवायला जो माणूस सोबत होता तो बोटानं काय दाखवतोय हे मला अंदाजानंच समजून घ्यावं लागलं. धंदा काचेचा असल्यामुळे मासे राहिले बाजूला, डोक्यात धुकंच राहिलं.

धुकं का धरतं ते तसं सोपं आहे. मास्कच्या आत नाक असतं. नाकातून येणारी हवा ऊबदार आणि दमट, चेहऱ्यालाही घाम. काचेच्या पलीकडे पाणी. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट जोरानं उष्णता वाहून नेतं, त्यामुळे काच बघता बघता बाहेरच्या पाण्याइतकी गार होते आणि आतली वाफ तिच्यावर जमते. इथपर्यंत कुणाचा इलाज चालत नाही. वाफ जमणारच. प्रश्न एवढाच, की ती जमते कशी. काच अगदी स्वच्छ असेल तर पाणी तिच्यावर पसरतं, त्याचा पातळ सलग थर होतो आणि त्यातून आरपार दिसतं. काचेवर तेलकटपणा असेल तर तेच पाणी अळवाच्या पानावर बसावं तसं थेंबाथेंबानं बसतं. हे थेंब इतके बारीक असतात की एकेक दिसत नाही, पण प्रत्येक थेंब उजेड इकडेतिकडे फेकतो. आपण ज्याला धुकं म्हणतो ते हेच. म्हणजे मास्क घासायचा तो वाफ थांबवायला नाही, वाफेला नीट पसरू द्यायला.

हे लक्षात आल्यावर एक गंमत वाटली. दुकानात मी महागाची अँटीग्लेअर काच विकतो, तिच्या सगळ्यात वरच्या थराचं काम नेमकं उलटं असतं. पाणी टिकू नये, थेंब घरंगळून जावेत, बोटांचे ठसे पुसले जावेत म्हणून तो थर मुद्दाम पाणी झटकणारा बनवतात. पावसात तो छान चालतो. पण 2020 मध्ये सगळ्यांच्या तोंडाला कापडी मास्क आले तेव्हा याच काचांवर सगळ्यात जास्त धुकं धरायला लागलं. त्या काळात मी दुकानात येणाऱ्या नर्सताईंना एकच उपाय सांगायचो: सौम्य साबणाच्या पाण्यात चष्मा बुडवा, झटका आणि न पुसता वाळू द्या. साबणाचा अदृश्य थर काचेवर राहतो आणि वाफ पसरते. डायव्हिंगच्या मास्कमध्ये थुंकणारा होडीवरचा तो पोरगाही तेच करत होता, फक्त साबण स्वतःचा वापरत होता.

मास्क घेताना माझा पहिला अडसर नंबरचा. मला मायनस 2.75 आहे. चष्मा मास्कच्या आत बसत नाही, काड्यांमुळे कडा उघड्या राहतात. पोहण्याचा गॉगल चालत नाही, कारण त्याच्या बाहेर नाक राहतं. 10 मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, आतली हवा दाबली जाऊन निम्म्या जागेत मावायला बघते, आणि गॉगल डोळ्यांवर कपासारखा चिकटून ओढायला लागतो. मास्कमध्ये नाक आत असतं ते याचसाठी, नाकानं थोडी हवा सोडली की दाब सारखा होतो. तर मग दोन वेगवेगळ्या काचांचा मास्क घ्यायचा, म्हणजे त्या काढून तयार नंबरच्या काचा बसवता येतात. त्या अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकानं मिळतात, म्हणजे माझ्यासाठी 2.5 किंवा 3. मी 2.5 घेतली. पाण्याखाली वस्तू खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांश अंतरावर असल्यासारखी भासते, मोठीही दिसते. पाण्यातून हवेत येताना किरण वाकतात म्हणून. जास्तीचा नंबर घालून डोळ्यांना ताण देण्यापेक्षा पाव नंबर कमी बरा. गिऱ्हाइकाला हेच सांगितलं असतं.

दुसरा अडसर मिशी. मास्क चेहऱ्याला बसतो की नाही ते बघायची रीत अशी: पट्टा मागे न घालता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकानं हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचे. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. माझा पडायचा. सिलिकॉनची खालची कड नेमकी मिशीवर येत होती आणि केसांमधून हवा जात होती.

“अहो, मग काढून टाका की मिशी,” बायको म्हणाली.

“अप्पांच्या हयातीत मिशी काढली नाही, आता माशांसाठी काढू?”

शेवटी नाकपुड्यांच्या लगेच खालची एक बारीक पट्टी न्हाव्याकडून भादरून घेतली. बाकीची मिशी जागेवर आहे. होडीवर लोक व्हॅसलीन फासतात, मला ते पटत नाही, खनिज तेलानं सिलिकॉन कालांतरानं खराब होतं. लावायचंच तर डायव्हिंगच्या सामानात रबरी रिंगांना लावायचं सिलिकॉन ग्रीस असतं, ते किंचित लावावं.

मास्क कुरिअरनं दुकानातच आला. डबा उघडला, आधी काचेचा कोपरा बघितला. तिथं ‘टेम्पर्ड’ असं कोरलेलं असतं, काही ठिकाणी नुसता ‘टी’ असतो. ही खूण असली म्हणजे काच तापवून झटकन गार केलेली, पृष्ठभाग घट्ट आवळलेला, फुटलीच तर धारदार तुकडे न होता बोथट दाणे होणारी. अशी काच नंतर घासून आकारात आणता येत नाही, एजिंग मशीनला लावली की चुराच. काचेवर आरशासारखं रंगीत कोटिंग नाही, आतून अँटीफॉगची फिल्म चिकटवलेली नाही, हेही डब्याबरोबरच्या माहितीपत्रकात वाचून घेतलं. हे दोन मुद्दे ज्यानं तपासले नाहीत त्यानं पेस्टला हात लावू नये. फिल्म असलेला मास्क घासला तर फिल्म जाते, आणि मग माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकासारखी गत.

नवी काच दिसायला चकचकीत असते. इथंच लोक फसतात. मास्कचा जो मऊ भाग चेहऱ्याला लागतो तो सिलिकॉनचा. तो साच्यातून सुटून यावा म्हणून साच्याला निसटता द्रव लावतात, शिवाय सिलिकॉनमधूनही सूक्ष्म तेलकट अंश हळूहळू बाहेर पडत राहतात. बंद डब्यात, गोदामात, कुरिअरच्या गाडीत महिनोन् महिने पडून राहिल्यावर हे सगळं समोरच्या काचेवर जाऊन बसतं. मी मास्क ट्यूबलाइटखाली तिरका धरला तेव्हा आतल्या बाजूला कडेकडेनं एक पुसटशी झाक दिसली. बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं.

मग पाण्याची परीक्षा घेतली. पाणी काचेवरून ओतायचं आणि काच उभी धरायची. सलग पडदा टिकला तर काच स्वच्छ, पडदा फाटून मध्ये कोरडी बेटं तयार झाली तर अजून मळ आहे. माझ्या मास्कमध्ये पडदा धरलाच नाही, सगळे थेंब. मग भांड्यांच्या लिक्विडनं दोनदा धुतला. जरा फरक पडला, पण कडांना थेंब तसेच. स्वयंपाकघरातलं तेल साबणानं जातं, सिलिकॉनचं तेल मात्र काचेला हट्टानं धरून बसतं. ते खरवडून काढावं लागतं, पण खरवडणारी गोष्ट काचेपेक्षा मऊ पाहिजे.

इथं टूथपेस्टचा नंबर लागतो. साध्या पांढऱ्या पेस्टमध्ये घासायचा पदार्थ बहुतेक वेळा खडूचाच, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, किंवा सिलिकाची बारीक भुकटी. मोस यांच्या काठिण्यश्रेणीत संगजिरा 1 आणि हिरा 10. खडूतलं कॅल्साइट त्यात 3वर येतं, साधी काच साडेपाचच्या आसपास. म्हणून खडू काचेला ओरखडा काढत नाही, वरचा मळ तेवढा काढतो. चष्म्याची प्लास्टिकची काच याच्यापेक्षा कितीतरी मऊ, आणि तिच्यावरचं अँटीग्लेअर कोटिंग तर केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ. तिच्यावर तोच खडू कानशीसारखा चालतो. माझी पाटी चूक नाही आणि तारकर्लीचा प्रशिक्षकही चूक नाही, दोघं वेगवेगळ्या काचेबद्दल बोलत होतो. राख मात्र दोन्हीकडे नको, तिच्यात वाळूचे कण असू शकतात आणि वाळूतला क्वार्ट्झ 7 म्हणजे काचेहून कठीण.

गंजगोलाईच्या बाजारात जाऊन सगळ्यात स्वस्तातली पांढरी पेस्ट आणली. दुकानदारानं जेल पुढे केली, “हीच चालती आता.” जेल नको, तिच्यात खरवडण्याचा गुण कमी असतो. दात पांढरे करणारी नको, कोळशाची नको, कारण त्यातल्या कणांचा भरवसा मला वाटत नाही. लाल आयुर्वेदिक नको, त्यात गेरू असतो, पांढऱ्या सिलिकॉनला रंग धरला तर कुठं भांडायचं.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर काउंटरवर जुना टॉवेल पसरला. काच पूर्ण कोरडी. पाणी लागलं की पेस्ट पातळ होऊन नुसती सरकते, घासत नाही. हरभऱ्याएवढी पेस्ट प्रत्येक काचेच्या आत, आणि अंगठ्याच्या मऊ भागानं गोल गोल. नख लागू द्यायचं नाही. पहिल्यांदा अंगठा सरसर फिरतो, मग काही वेळानं पकड यायला लागते, काच जरा ‘धरते’. ती पकड हवीय. मधला भाग सोपा, खरी मेहनत कडेला, जिथं काच सिलिकॉनमध्ये जाऊन बसते. तिथं मुलाचा जुना मऊ ब्रश घेतला. बाहेरची बाजूही घासली, पण तिच्यावर वेळ घालवायची गरज नाही, बाहेर पाणीच असतं.

तेवढ्यात दुकानातला पोरगा शटरचं कुलूप घेऊन आला आणि थबकला. त्यानं आधी माझ्याकडे, मग पाटीकडे, मग परत माझ्याकडे बघितलं.

“काका, हे काय करायलाव?”

“काच घासतोय.”

“अन् ती पाटी?”

त्याला बसवून काच आणि फायबरमधला फरक परत समजावला. त्याला तो माहीत होताच, बोटाच्या टिचकीच्या आवाजावरून तो काच ओळखतो. पण दुसऱ्या दिवशी त्यानं गिऱ्हाइकाला सांगितलं असतं की मालक स्वतः पेस्ट लावतात, म्हणून समजावणं गरजेचं होतं.

पेस्ट रात्रभर तशीच वाळू दिली. काहीजण लगेच धुतात, तेही चालतं. मला वाळलेला थर परत ओल्या अंगठ्यानं उठवून घासण्यात जास्त फायदा वाटला. सकाळी धुतला, साबण लावला, परत धुतला. आणि इथं लातूरची खास अडचण आली. आमच्या दुकानाला बोअरचं पाणी. इतकं क्षाराचं की गिझरची कॉइल पांढरी होते. मास्क धुऊन वाळवला तर काचेवर पांढरे ठिपके. मालवणच्या माणसाला हा प्रश्न बहुधा पडत नसेल, पण मराठवाड्यातल्या कुणी हा उद्योग केला तर ध्यानात ठेवा: घासणं-धुणं कुठल्याही पाण्यानं करा, शेवटचं विसळणं जारच्या पाण्यानं. ठिपके पडलेच असतील तर पांढऱ्या व्हिनेगरचं पाणी लावून लगेच धुऊन टाकावं. आईनं “चिंच लाव, तांब्याला लावतात तशी” असं सुचवलं. तत्त्व तेच, आंबटानं क्षार सुटतो. पण चिंचेच्या कोळाचा चिकटपणा मला नको होता.

भाच्याचा सल्ला वेगळाच होता. त्यानं व्हिडिओ दाखवला: लायटरची ज्योत काचेच्या आतून फिरवायची, काच काळी झाली की पुसायची, परत जाळायची, काजळी धरायची बंद होईपर्यंत. या रीतीनं तेलाचा थर जळून जातो हे खरं, आणि पुष्कळ डायव्हर शपथेवर सांगतात. मी करणार नाही. दुकानात फ्रेम तापवायचं यंत्र आहे, उष्णतेनं काय काय वाकडं होतं ते मी रोज बघतो. काच आणि सिलिकॉन यांच्यात बोटभर अंतर नसतं, ज्योत जरा सरकली की कड करपली आणि मास्क कायमचा गळका. काही मास्कना चौकटच नसते, सिलिकॉन थेट काचेला जोडलेलं असतं. काही उत्पादक तर जाळू नका असं लिहूनच देतात. पेस्टनं जे काम सावकाश होतं ते आगीनं झटपट करायची मला घाई नव्हती.

पेस्टचे फेरे परत परत घेतले. प्रत्येक फेऱ्यानंतर दोन परीक्षा. एक पाण्याच्या पडद्याची, दुसरी श्वासाची. श्वासाच्या परीक्षेत आमच्या उन्हाळ्यानं घोळ घातला. एप्रिलमध्ये लातूरची हवा इतकी कोरडी आणि दुकानातली काच इतकी गरम, की कितीही फुंकर मारा, धुकं धरेचना. पहिल्यांदा मला वाटलं, झालं काम. मग मास्क फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात, थोडा वेळ ठेवला, काढून लगेच ‘हाऽऽ’ केलं, आणि उरलासुरला मळ नकाशासारखा उमटला. कुठं अंगठा पोचला नव्हता ते चक्क दिसत होतं, नाकाच्या बाजूचे दोन्ही कोपरे. ही परीक्षा प्रत्येकानं करावी. डिसेंबरात फ्रीजची गरज पडणार नाही.

मला स्वतःला एक खात्री करून घ्यायची होती, म्हणून डावी काच पूर्ण घासली आणि उजवी मुद्दाम साबणावरच सोडली. मास्क घेऊन औशाकडच्या आमच्या गावी गेलो. विहिरीला पाणी होतं, आणि उन्हाळ्यात विहिरीचं खोल पाणी बाहेरच्या चाळीस अंशांसमोर चांगलंच गार लागतं. म्हणजे धुकं धरायला हवं तसं. चुलतभाऊ दोर घेऊन काठावर बसला. विहिरीत एकट्यानं उतरायचं नाही, हा नियम पोहणाऱ्यालाही लागू. सिलिंडर वगैरे काही नाही, नुसतं तोंडात स्नॉर्केल, म्हणजे श्वास घ्यायची नळी, आणि चेहरा पाण्यात. काही मिनिटांत उजव्या डोळ्यासमोर पांढरा पडदा, डाव्या डोळ्यानं विहिरीच्या घडीव दगडांच्या फटी स्वच्छ दिसतायत. मधूनच डाव्या काचेवरून पाण्याचा ओघळ खाली यायचा, म्हणजे वाफ तिथंही जमत होती, पण पसरत होती.

“दिसायलं का काही?” वरून भावानं विचारलं.

“एका डोळ्यानं दिसायलं.”

“मग दुसऱ्याचे पैसे परत घे.”

घरी येऊन उजवीही घासली.

एवढं करूनही थुंकी किंवा शाम्पू सुटत नाही, आणि याच ठिकाणी बहुतेकांची गल्लत होते. घासणं हे एकदाचं काम, त्यानं मूळचं तेल जातं. थुंकी हे दर डुबकीचं काम, त्यानं त्या वेळेपुरता पाणी पसरवणारा थर मिळतो. तेल न काढता नुसतं थुंकत राहिलं तर थुंकी काचेला धरत नाही, वाहून जाते, माझ्या भाड्याच्या मास्कमध्ये झालं तसं. आणि घासल्यावर काही न लावता उतरलं तर चेहऱ्याचं तेल, सनस्क्रीन, घाम यांनी काच परत मळायला लागते. थुंकीतली चिकट प्रथिनं पाण्याचा पृष्ठताण कमी करतात. लहान बाळांचा शाम्पू तेच करतो आणि डोळ्यांत गेला तरी झोंबत नाही. मी लहानशा बाटलीत शाम्पू आणि जारचं पाणी घेतो. घरचा मास्क घरचेच घालत असले तर थुंकीला माझी ना नाही. दुसऱ्याच्या मास्कमध्ये थुंकून तो त्याला देणं मात्र 2020 नंतर तरी बंद व्हायला हवं होतं.

लावायची पद्धत तारकर्लीला नीट शिकवली. काच कोरडी असतानाच लावायचं, सगळीकडे फिरवायचं, मग एकदाच बुचकळून काढायचं. घासून धुतलं तर लावलेलं सगळं गेलं. नंतर आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. होडीत उन्हात मास्क तापू द्यायचा नाही. तापलेली काच पाण्यात गेली की आतल्या गरम दमट हवेतली वाफ लगेच तिच्यावर जमते. उतरायच्या आधी चेहऱ्यावरही समुद्राचं पाणी मारून घ्यायचं, म्हणजे तोंड जरा गार होतं. आणि मास्क कपाळावर चढवायचा नाही, गळ्यात सोडायचा. कपाळावर घाम आणि केस, दोन्ही काचेचे शत्रू. शिवाय डायव्हिंगच्या लोकांत कपाळावर गेलेला मास्क म्हणजे माणूस घाबरलाय असं समजतात, दोन मदतनीस धावत येतील.

कोर्समध्ये मास्क पाण्याखाली अर्धा, मग पूर्ण भरून रिकामा करायला लावतात, पार काढून परत घालायला लावतात. वर बघायचं, चौकटीची वरची कड कपाळाशी दाबायची आणि नाकानं हवा सोडायची. पाणी खालून निघून जातं. मिशीमुळे माझ्या मास्कमध्ये थेंबभर पाणी तसंही येत राहिलं, आणि ते उपयोगीच पडलं. नाकाजवळच्या एका कोपऱ्यात धुकं दिसलं की तेच पाणी मान हलवून काचेवरून फिरवायचं आणि नाकानं बाहेर टाकायचं. समुद्रात काय पाहिलं त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि माशांचे थवे अंगावरून जातात, एवढं सांगतो. मला मात्र माशाच्या अंगावरचे खवले दिसले की नंबर बरोबर बसल्याचाच आनंद जास्त व्हायचा.

वाळूचं एक सांगायचं राहिलं. किनाऱ्यावर मास्क उलटा ठेवला तर आत वाळू जाते. ती पुसायची नाही, आधी पाण्यानं घालवायची. खडूनं न उठणारा ओरखडा वाळूचा एक दाणा उठवतो, आणि टेम्पर्ड काचेवरचा ओरखडा काढायला माझ्याकडे तरी काही औषध नाही.

परत आल्यावर मास्क गोड्या पाण्यात भिजवला, जारच्या पाण्यानं विसळला, सावलीत वाळवला. ठेवायचा तो मूळच्या कडक डब्यात. आमच्याकडे मे महिन्यात माळ्यावर किंवा पत्र्याखाली ठेवलेली कुठलीही वस्तू भाजून निघते, आणि बंद डब्यात तापलेलं सिलिकॉन परत काचेवर तेल सोडतं, म्हणून डबा दुकानातल्या खालच्या कपाटात. डब्यात दुसरं काही नाही. पोहताना पायात घालायच्या फिनचे काळे रबरी पट्टे त्याच पिशवीत टाकले तर त्यांच्या स्पर्शानं पांढरं सिलिकॉन पिवळं पडतं, ते वेगळ्या पिशवीत. नव्या मोसमाआधी मास्क परत थोडा वेळ फ्रीजमध्ये जाईल आणि ‘हाऽऽ’ करून बघेन. नकाशा उमटलाच तर पेस्टची अर्धी ट्यूब त्याच कपाटात, वरच्या फळीवर आहे. पोरानं तिच्यावर चिठ्ठी चिकटवलीय: ‘फक्त मालकांच्या काचेसाठी.’